कामाजोर
कामाजोर : पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशातील मेंडे जमातीच्या पारंपरिक शिकाऱ्यांमधून उदयास आलेले सशस्त्र लोकरक्षक दल. मेंडे भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ शिकारी असा आहे. १९९१ ते २००२ या काळातील यादवी युद्धात प्रथम गावांच्या संरक्षणासाठी आणि पुढे लोकनियुक्त शासनाच्या पुनःस्थापनेसाठी हे दल लढले. शासनाच्या नियमित सैन्यात किंवा पोलीस दलात नसलेले, परंतु संरक्षणाचे काम प्रत्यक्षात पार पाडणारे असे अनौपचारिक गट अनेक नवोदित राष्ट्रांत आढळतात. लोकशाहीच्या वाटचालीवर त्यांचा कसा परिणाम होतो, या प्रश्नाच्या अभ्यासात कामाजोरांचा इतिहास विशेष महत्त्वाचा मानला जातो. त्यांनी मतपेटीतून आलेले शासन वाचविले आणि त्याच कार्यात निरपराध नागरिकांचे बळीही घेतले. या दोन्ही गोष्टी आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर सिद्ध झाल्या. परिणामी, लोकशाहीसाठी शस्त्र हाती घेणाऱ्याला लोकशाहीचा कायदा कितपत लागू होतो, हा प्रश्न तेथे केवळ तात्त्विक राहिला नाही.

पार्श्वभूमी : सिएरा लिओन २७ एप्रिल १९६१ रोजी ब्रिटिश सत्तेपासून स्वतंत्र झाला. किनाऱ्यावरील फ्रीटाउन व आसपासचा प्रदेश ही जुनी वसाहत होती, तर अंतर्भागाचा कारभार ब्रिटिशांनी स्थानिक सरदारांमार्फत चालविला होता. सरदार आपल्या पदावर तहहयात राहत. न्याय, जमिनीचे वाटप व गावाची सुरक्षितता या बाबतींत सामान्य ग्रामस्थाचा संबंध राजधानीपेक्षा सरदाराशीच येई. स्वातंत्र्यानंतरही या व्यवस्थेत मूलगामी बदल झाला नाही.

मार्च १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सिआका स्टीव्हन्स याच्या ऑल पीपल्स काँग्रेस पक्षाची सरशी झाली. परंतु शपथविधी होताच सेनाप्रमुख ब्रिगेडियर डेव्हिड लॅन्साना याने लष्करी कायदा पुकारला. नव्या पंतप्रधानाला स्थानबद्ध करण्याच्या कामात सॅम्युएल हिंगा नॉर्मन हा तरुण लेफ्टनंट पुढे होता. हाच अधिकारी तीस वर्षांनंतर लोकनियुक्त शासनाच्या रक्षणाचा नेता झाला, हे उल्लेखनीय आहे. १९६८ मध्ये कनिष्ठ सैनिकांच्या उठावामुळे स्टीव्हन्स पुन्हा सत्तेवर आला. सैन्याबद्दलचा अविश्वास मात्र त्याच्या मनातून कधीच गेला नाही. त्याने सैन्याचे महत्त्व कमी करून स्वतःशी एकनिष्ठ असे अंतर्गत सुरक्षा दल उभारले आणि निवडणुकांच्या वेळी पक्षाच्या तरुण टोळ्यांचा विरोधकांवर वापर केला. १९७१ मध्ये देश प्रजासत्ताक झाला आणि १९७८ च्या संविधानाने एकपक्षीय राजवट अधिकृत ठरली. देशात हिऱ्यांच्या खाणी असूनही शाळा, रस्ते व शिपायांचे पगार यांसाठी पैसा उरेनासा झाला. १९८५ मध्ये जोसेफ मोमो याच्याकडे सत्ता आली, तेव्हा राज्यसंस्था आतून पोखरली गेली होती. कामाजोरांचा उदय समजून घेण्यासाठी हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. शासनाने संरक्षणाची साधने व्यक्तिनिष्ठ करून ठेवली होती. प्रजेच्या संरक्षणाची वेळ आली तेव्हा ती निरुपयोगी ठरली.

२३ मार्च १९९१ रोजी फोदे सांको याच्या नेतृत्वाखालील क्रांतिकारक संयुक्त आघाडीने लायबीरियाच्या सीमेवरून पूर्वेकडील कायलाहुन जिल्ह्यात प्रवेश केला. लायबीरियातील बंडखोर नेता चार्ल्स टेलर याचे तिला साहाय्य होते. एप्रिल १९९२ मध्ये आघाडीवरील असंतुष्ट तरुण अधिकाऱ्यांनी मोमोची राजवट उलथून टाकली आणि पंचवीस वर्षांचा व्हॅलेंटाइन स्ट्रासर राष्ट्रप्रमुख झाला. सैन्याची संख्या घाईने वाढविण्यात आली. अपुरे प्रशिक्षण व अनियमित पगार असलेले हे सैनिक स्वतःच गावे लुटू लागले. दिवसा सैनिक व रात्री बंडखोर असलेल्या या लोकांसाठी, ‘सोल्जर’ आणि ‘रेबेल’ या शब्दांच्या संयोगातून, ‘सोबेल’ असा नवा शब्द लोकांच्या तोंडी रूढ झाला. बंडखोर आणि रक्षक यांत भेद करता येईना, तेव्हा ग्रामस्थांनी संरक्षणासाठी आपल्याच परंपरेकडे पाहिले.

शिकाऱ्यांची परंपरा व दलाची उभारणी : मेंडे समाजात शिकारी हा मुळात एकाकी व मोजका माणूस असे. गावाला मांस पुरविणे, पिकांचे वन्य पशूंपासून रक्षण करणे आणि प्रसंगी हिंस्र श्वापदाचा बंदोबस्त करणे, हे त्याचे काम. तो परवान्याची ठासणीची किंवा एकनळी बंदूक बाळगी. जंगलातील वाटा, वनस्पती व मंत्रविद्या यांचे ज्ञान त्याच्याजवळ असते, अशी समजूत असल्याने लोक त्याच्याकडे आदराने व काहीशा भीतीने पाहत. तो गावाच्या सरदाराला बांधील असे आणि सरदारामार्फत गावाला. या बंधनामुळेच त्याच्या हातातील शस्त्राचे भय कोणाला वाटत नसे. उत्तरेकडील कोरांको लोकांत तामाबोरो, कोनो लोकांत दोन्सो आणि टेम्ने लोकांत काप्रा व ग्बेथी या नावांचे असेच गट होते.

युद्धाच्या पहिल्या वर्षांत सैन्याने या शिकाऱ्यांचा वाटाडे म्हणून उपयोग केला. आल्फा लावाली या इतिहासाच्या अध्यापकाने केनेमा येथे पूर्व विभागाची संरक्षण समिती स्थापन करून त्यांना संघटित रूप देण्याचा प्रयत्न केला. पुढे सुरुंगाच्या स्फोटात त्याचा अंत झाला. बो व केनेमा या शहरांभोवतीच्या छावण्यांत विस्थापितांची गर्दी वाढत गेली, तसतशी या तरुणांतून भरती होऊ लागली. सरदार आपापल्या क्षेत्रातून माणसे पाठवीत. दक्षिणेकडील बाँथे जिल्ह्यातून दीक्षाविधीचा प्रसार झाला. या विधीने शरीर गोळीला अभेद्य होते, अशी श्रद्धा होती. मात्र ही अभेद्यता काही नियम पाळल्यासच टिकते, असे मानले जाई : लूट करू नये, स्त्रीवर अत्याचार करू नये, शरण आलेल्याला मारू नये, लढाईपूर्वी ब्रह्मचर्य पाळावे. कवड्या, आरसे व ताईत शिवलेला अंगरखा ही त्यांची ओळख ठरली. त्या श्रद्धेत लष्करी शिस्तीची एक स्थानिक संहिता दडलेली होती आणि प्रारंभीच्या काळात ती बऱ्याच प्रमाणात पाळली गेली. १९९५ मध्ये लष्करी राजवटीने दक्षिण आफ्रिकेतील एक्झिक्युटिव्ह आउटकम्स या भाडोत्री सैनिकांच्या कंपनीला पाचारण केले. तिने बंडखोरांना मागे रेटताना कामाजोरांना प्रशिक्षण व साहाय्य दिले. त्यामुळे त्यांची शक्ती आणि प्रतिष्ठा या दोन्हींत भर पडली.

दीक्षा घेणाऱ्यांची संख्या वाढली तसे तिचे स्वरूप पालटले. पूर्वी शिष्याला गुरूच्या सहवासात वर्षानुवर्षे घालवावी लागत. आता थोड्या दिवसांत व शुल्क घेऊन दीक्षा मिळू लागली. गावाचा माणूस म्हणून गावाला जबाबदार असलेला शिकारी मागे पडला आणि परक्या गावात तैनात होणारा बंदूकधारी तरुण पुढे आला. पुढील काळात जे घडले, त्याचे एक मूळ या बदलात आहे.

निवडणूक आणि उठाव : १९९५ च्या ऑगस्टमध्ये व १९९६ च्या फेब्रुवारीमध्ये फ्रीटाउन येथील बिंतुमानी हॉटेलात भरलेल्या राष्ट्रीय परिषदांत शांततेपूर्वी निवडणूक घ्यावी, असा आग्रह धरण्यात आला. त्यात स्त्रियांच्या संघटनांचा पुढाकार मोठा होता. दरम्यान जानेवारी १९९६ मध्ये ज्यूलियस माडा बिओ याने स्ट्रासरला पदच्युत केले. तथापि निवडणूक टळली नाही. मतदान रोखण्यासाठी बंडखोरांनी ग्रामस्थांचे हात तोडण्याचे सत्र आरंभले. मत देणारा हातच उरू नये, हा त्यामागील क्रूर संकेत होता. अशा दहशतीतही २६ व २७ फेब्रुवारीस मतदान झाले. १५ मार्चच्या दुसऱ्या फेरीत सिएरा लिओन पीपल्स पार्टीचा अहमद तेजान काब्बा सु. साठ टक्के मते मिळवून राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला.

काब्बाने संरक्षण खाते स्वतःकडे ठेवले आणि उपसंरक्षणमंत्री म्हणून हिंगा नॉर्मन याची नेमणूक केली. सैन्यातून निवृत्त झालेला नॉर्मन तेव्हा बो जिल्ह्यातील जायामा-बोंगोर येथील कारभारी सरदार व कामाजोरांचा मान्यवर नेता होता. नव्या शासनाचा सैन्यावर विश्वास नव्हता. सैन्यालाही कामाजोर आपले प्रतिस्पर्धी वाटत. सैनिकांच्या तांदळाच्या शिध्यात कपात करण्याच्या हालचालींनी या असंतोषात भर घातली. नोव्हेंबर १९९६ च्या आबीजान करारानुसार एक्झिक्युटिव्ह आउटकम्स कंपनी जानेवारी १९९७ मध्ये देशाबाहेर गेली आणि शासनाचा उरलासुरला आधारही निखळला. २५ मे १९९७ रोजी सैनिकांनी उठाव करून मेजर जॉनी पॉल कोरोमा याला तुरुंगातून सोडविले व राष्ट्रप्रमुख केले. शासनाने कामाजोरांना झुकते माप दिले, हे उठावाच्या समर्थनार्थ सांगितलेल्या कारणांपैकी एक होते. उठाववाल्यांनी बंडखोर आघाडीलाच सत्तेत सहभागी करून घेतले.

अनौपचारिक रक्षकांच्या प्रभावातील पेच येथे स्पष्ट होतो. सैन्य अविश्वसनीय होते म्हणून शासनाने शिकाऱ्यांचा आश्रय घेतला. तो आश्रय घेतल्यामुळे सैन्याचा दुरावा वाढला आणि उठावाला निमित्त मिळाले. एकदा उठाव झाल्यावर मात्र निर्वासित शासनाजवळ देशांतर्गत अशी दुसरी कोणतीही शक्ती उरली नव्हती.

शासनाची पुनःस्थापना व अत्याचार : काब्बाने गिनीची राजधानी कोनाक्री येथे निर्वासित शासन स्थापन केले. निरनिराळ्या जमातींच्या शिकारी गटांना नागरी संरक्षण दल या एका नावाखाली आणण्यात आले. नॉर्मन हा त्याचा राष्ट्रीय समन्वयक, मोइनिना फोफाना युद्धसंचालक आणि आलिउ कोंदेवा हा दीक्षाविधींचा मुख्य पुरोहित होता. बाँथे जिल्ह्यातील तालिया या गावी ‘बेस झीरो’ नावाचा तळ उभारण्यात आला. हजारो तरुणांनी तेथे दीक्षा व शस्त्रशिक्षण घेतले. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या, मुख्यतः नायजेरियन, इकोमॉग या सेनेने त्यांना रसद पुरविली. फेब्रुवारी १९९८ मध्ये इकोमॉगने फ्रीटाउन जिंकले. अंतर्भागात कामाजोरांनी उठाववाल्यांची कोंडी केली होती. १० मार्च १९९८ रोजी काब्बा राजधानीत परतला. लष्करी उठावाने घालविलेले लोकनियुक्त शासन अशा रीतीने परत येण्याची उदाहरणे आफ्रिकेच्या इतिहासात थोडी आहेत.

याच महिन्यांत कामाजोरांनी केलेली कृत्ये पुढे न्यायालयात उघड झाली. हिऱ्यांच्या खाणींचे तोंगो, तसेच कोरिबोंदो, बो, केनेमा व बाँथे या ठिकाणी, शत्रूला मदत केल्याच्या संशयावरून नागरिकांना ठार करण्यात आले, घरे जाळण्यात आली व लूट झाली. केनेमा येथे पोलीस शिपायांच्या हत्या झाल्या. शत्रूच्या ताब्यातील प्रदेशात केवळ राहणे किंवा उत्तरेकडील जमातीचा असणे, एवढ्यावरूनही काहींना फितूर ठरविण्यात आले. लहान मुलांच्या हाती शस्त्रे देण्यात आली. दीक्षेचे नियम तोडले गेले आणि तोडणाऱ्याला जाब विचारणारे कोणी उरले नव्हते. गावापासून दूर गेल्यामुळे सरदाराचा धाक नव्हता आणि सैन्यात नसल्यामुळे लष्करी कायद्याचेही बंधन नव्हते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सत्य व समेट आयोगाच्या अहवालानुसार युद्धातील अत्याचारांचा बहुतांश भाग बंडखोर आघाडीचा असून नागरी संरक्षण दलाचा वाटा सु. सहा टक्के होता. हे प्रमाण कमी असले, तरी ज्यांच्या रक्षणासाठी दल उभे राहिले, त्या नागरिकांवरच हे अत्याचार झाले.

परतलेल्या शासनाने जुने सैन्य बरखास्त केले आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये उठावाच्या आरोपावरून २४ सैनिकी अधिकारी व जवान यांना देहान्त शासन दिले. संरक्षणासाठी आता नायजेरियन सैन्य व शिकारी यांवरच भिस्त होती. ६ जानेवारी १९९९ रोजी बंडखोर व माजी सैनिक फ्रीटाउनमध्ये घुसले आणि हजारो नागरिक मारले गेले. ७ जुलै १९९९ च्या लोमे कराराने सर्व पक्षांना सार्वत्रिक माफी दिली. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना देशात आली. तिचा पहिला सेनापती भारताचा मेजर जनरल विजय जेटली हा होता. मे २००० मध्ये बंडखोरांनी शांतिसैनिकांना ओलीस धरले. कायलाहुन येथे सु. अडीच महिने वेढल्या गेलेल्या भारतीय तुकडीची जुलैत ‘ऑपरेशन खुकरी’ या मोहिमेद्वारे सुटका करण्यात आली. ब्रिटिश सैन्याच्या हस्तक्षेपानंतर बंडखोरांचा जोर ओसरला आणि १८ जानेवारी २००२ रोजी युद्ध समाप्त झाल्याचे जाहीर झाले. निःशस्त्रीकरणाच्या कार्यक्रमात सु. ७२,००० लढवय्यांनी शस्त्रे ठेवली. त्यांत निम्म्याहून अधिक नागरी संरक्षण दलाचे होते. मे २००२ च्या निवडणुकीत काब्बा सु. ७० टक्के मतांनी पुन्हा निवडून आला.

विशेष न्यायालयातील खटला : संयुक्त राष्ट्रे व सिएरा लिओनचे शासन यांच्या जानेवारी २००२ मधील करारानुसार फ्रीटाउन येथे विशेष न्यायालय स्थापन झाले. १० मार्च २००३ रोजी गृहमंत्री असलेल्या नॉर्मनला त्याच्या कार्यालयातच अटक झाली. देशाचे पोलीस खाते तेव्हा त्याच्याच अखत्यारीत होते. काब्बाच्या पुनरागमनाचा पाचवा वर्षदिन नेमका त्याच दिवशी होता. फोफाना व कोंदेवा यांच्यावरही आरोप ठेवण्यात आले. अनेकांना ही कृतघ्नता वाटली, तर इतरांना कायद्यापुढील समानतेचा हा पहिला खरा दाखला वाटला. राष्ट्राध्यक्षाला साक्षीसाठी बोलवावे, ही बचावपक्षाची मागणी २००६ मध्ये फेटाळण्यात आली. परिणामी शस्त्रधारकांची चौकशी झाली. ज्या नागरी नेतृत्वाच्या नावाने ते लढले, त्याची जबाबदारी मात्र न्यायालयात तपासली गेली नाही. नॉर्मन निकालापूर्वीच, २२ फेब्रुवारी २००७ रोजी, सेनेगलमधील डाकार येथे शस्त्रक्रियेनंतर मरण पावला.

२ ऑगस्ट २००७ रोजी कनिष्ठ पीठाने उरलेल्या दोघांना दोषी ठरविले. शिक्षा देताना मात्र त्यांनी लोकनियुक्त शासनाच्या पुनःस्थापनेसाठी लढा दिला, ही गोष्ट विचारात घेऊन फोफानास सहा व कोंदेवास आठ वर्षांची कैद देण्यात आली. सिएरा लिओनचे न्यायाधीश बँकोले टॉम्प्सन यांनी वेगळे मत नोंदवून दोघांनाही निर्दोष ठरविले. राज्यच नष्ट होऊ पाहत असताना लोकांचे हित हाच सर्वोच्च कायदा होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. २८ मे २००८ रोजी वरिष्ठ पीठाने याच्या उलट निर्णय दिला. काही आरोप रद्द करून व काही नव्याने सिद्ध मानून त्याने शिक्षा अनुक्रमे पंधरा व वीस वर्षांपर्यंत वाढविल्या. लढ्याचे ध्येय न्याय्य असणे हे नागरिकांविरुद्धच्या गुन्ह्याची तीव्रता कमी करणारे कारण होऊ शकत नाही, असे त्याने स्पष्ट केले. युद्धाचा कायदा दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे. ध्येयानुसार शिक्षा सौम्य केल्यास प्रत्येक सशस्त्र गट आपले ध्येय न्याय्य असल्याचा दावा करील, हे या निर्णयामागील सूत्र होय.

राजकीय परिणाम : निकालाचे पडसाद मतपेटीतही उमटले. नॉर्मनवरील खटल्यामुळे दक्षिण व पूर्व भागांतील पुष्कळ मेंडे मतदार सत्तारूढ पक्षावर नाराज होते. त्यांतील बरेचजण चार्ल्स मार्गाय याच्या नव्या पक्षाकडे वळले. २००७ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाचा अर्नेस्ट बाइ कोरोमा विजयी झाला आणि शांततेने सत्तांतर झाले. मतविभागणी हे या पराभवाचे एक कारण मानले जाते. बंदुकीने व्यक्त होऊ शकणारा राग मताने व्यक्त झाला, हे लोकशाहीच्या दृष्टीने मोठेच यश होय. तथापि याच निवडणुकीत प्रमुख पक्षांनी निरनिराळ्या गटांतील माजी लढवय्यांना उमेदवारांचे रक्षक म्हणून हाताशी धरले. स्टीव्हन्सच्या काळातील पक्षीय टोळ्यांची प्रथा पूर्णतः लोपली नव्हती, असे यावरून दिसते. युद्धोत्तर काळात ब्रिटिश साहाय्याने सैन्य व पोलीस यांची पुनर्रचना झाली आणि पोलीस व स्थानिक रहिवासी यांच्या संयुक्त समित्या स्थापण्यात आल्या. २०१८ मध्ये पुन्हा मतदानाने सत्तांतर होऊन पूर्वीचा लष्करशहा माडा बिओ निर्वाचित राष्ट्राध्यक्ष झाला. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी फ्रीटाउनमधील बराकी व तुरुंग यांवर हल्ला झाला व शासनाने तो फसलेला उठाव असल्याचे जाहीर केले.

मूल्यमापन : कामाजोरांना केवळ मुक्तिदाते किंवा केवळ गुन्हेगार ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. राज्यसंस्थेने स्वतःची संरक्षणव्यवस्था मोडीत काढल्यामुळे निर्माण झालेली पोकळी त्यांनी भरून काढली. ते आपल्या गावांत व आपल्या सरदारांना उत्तरदायी होते, तोवर त्यांचे शस्त्र समाजाच्या ताब्यात राहिले. शासनाने त्यांच्या शक्तीचा उपयोग केला. परंतु त्या शक्तीला कायद्याची चौकट दिली नाही, तेव्हा ते ना समाजाच्या ताब्यात राहिले, ना शासनाच्या. त्यांच्या अपराधांची जबाबदारी त्यांच्यावर आहेच. पण ती त्यांच्यापुरतीच मर्यादित नाही. निवडणुकीने शासनाला अधिकार मिळतो, परंतु नागरिकाला सुरक्षितता देणारे उत्तरदायी दल केवळ निवडणुकीने निर्माण होत नाही, ते स्वतंत्रपणे घडवावे लागते. तसे न करणाऱ्या शासनाला संकटकाळी उसन्या शस्त्रांचा आधार घ्यावा लागतो आणि त्या आधाराची किंमत तोंगो व कोरिबोंदो येथील रहिवाशांसारख्या सामान्य नागरिकांना मोजावी लागते.